घरच्या राउटरमागचा कॉम्प्युटर बाहेरून कसा उघडायचा?

मी साताऱ्यात राहतो, आई-अण्णा सांगलीत. सांगलीच्या घरात वरच्या मजल्यावर एक डेस्कटॉप आहे आणि त्यात अण्णांच्या हळदीच्या अडत दुकानाचा सगळा हिशोब आहे. टॅलीचा डेटा, शेतकऱ्यांच्या पट्ट्या, जीएसटीच्या फायली. महिन्यातून दोन-तीनदा तरी फोन येतो. "अरे, हे काहीतरी इंग्रजीत विचारतंय, यस करू का नो?" दर वेळी सव्वाशे किलोमीटर जाणं शक्य नाही आणि फोनवरून "अण्णा, उजव्या कोपऱ्यात बघा, नाही, त्याच्या वरच्या" असं सांगून दोघांचाही बीपी वाढतो.

म्हणून तो कॉम्प्युटर इथून, माझ्या लॅपटॉपवरून किंवा मोबाइलवरून उघडता आला पाहिजे. ऐकायला सोपं वाटतं. यूट्यूबवर "पोर्ट फॉरवर्डिंग इन फाइव्ह मिनिट्स" असे व्हिडिओ ढिगाने आहेत. मी ते बघून सलग दोन रविवार वाया घालवलेत. राउटरमध्ये सगळं बरोबर भरलेलं, फायरवॉल बघून झालं, राउटर चार वेळा रिसेट केला, तरी कनेक्शन लागेना. चूक माझ्या सेटिंगमध्ये नव्हतीच. जी गोष्ट दोन मिनिटांत तपासता आली असती ती मी सगळ्यात शेवटी तपासली. तुम्ही ती सगळ्यात आधी तपासा.

बाहेरून आलेल्याला आत का येता येत नाही

घरातल्या प्रत्येक उपकरणाला राउटर एक पत्ता देतो, बहुतेक वेळा १९२.१६८ ने सुरू होणारा. हा पत्ता फक्त घरापुरता असतो. तुमच्या घरी १९२.१६८.१.५ आहे, शेजारच्यांकडे आहे आणि कराडमध्ये कुणाकडे तरी असेलच. १०, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ हे तीन पट्टे अशा खासगी वापरासाठीच राखून ठेवलेले आहेत. त्यामुळे साताऱ्यातून "१९२.१६८.१.५ ला जोड" म्हटलं, तर माझा लॅपटॉप माझ्याच खोलीत शोधत बसणार.

जगासमोर सगळ्या घराचा मिळून एकच पत्ता असतो, तो म्हणजे पब्लिक आयपी. जुन्या वाड्याला जसा एकच दिंडी दरवाजा आणि आत दहा बिऱ्हाडं, तसंच. आतून कुणी बाहेर गेलं, म्हणजे तुम्ही मोबाइलवर एखादी वेबसाइट उघडली, की दारावरचा राउटर लिहून ठेवतो: अमक्या फोनने अमक्या सर्व्हरला विचारलंय, उत्तर आलं की त्यालाच द्यायचं. या लिहून ठेवण्याला नॅट म्हणतात. पण बाहेरून कुणी स्वतःहून आला, की वहीत त्याची नोंदच नसते. दहा बिऱ्हाडांपैकी कुणाकडे पाठवायचं हे राउटरला कळत नाही, तो त्याला दारातूनच परत पाठवतो.

पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे त्या वहीत आपण हाताने केलेली कायमची नोंद: या नंबरच्या पोर्टवर कुणीही आलं तर सरळ वरच्या मजल्यावरच्या डेस्कटॉपकडे पाठव. मी हेच केलं होतं. तरी काही चालेना, कारण आमच्या दारासमोर आणखी एक दार होतं.

आधी हे तपासा: सीजीनॅट

आयपीव्ही४ प्रकारचे पत्ते जगात एकूण सुमारे ४२९ कोटी. ही पद्धत ठरली तेव्हा ते भरपूर वाटले होते. आता जगाची लोकसंख्या ८०० कोटींच्या पुढे आणि एकेका माणसाकडे दोन-तीन उपकरणं. फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक साठ्यातले शेवटचे पाच मोठे गठ्ठे वाटून झाले आणि एप्रिल २०११ मध्ये आपल्या आशिया-पॅसिफिक भागाचा कोटा शेवटच्या गठ्ठ्यावर आला. भारतात घरोघरी स्वस्त इंटरनेट पोचलं ते यानंतर. म्हणजे आपण पंगतीला बसलो तेव्हा ताटं संपली होती.

मग कंपन्यांनी काय केलं, तर शेकडो गिऱ्हाइकांना मिळून एक पब्लिक पत्ता. घरात राउटर जे करतो तेच काम कंपनीच्या पातळीवर एक मोठं मशीन करतं. हेच कॅरियर ग्रेड नॅट, थोडक्यात सीजीनॅट. त्यासाठी २०१२ मध्ये १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा खास राखून ठेवला गेला. तुम्ही सीजीनॅटमागे असाल, तर तुमच्या राउटरमध्ये केलेलं पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे बिऱ्हाडाचं दार उघडून बसणं. दिंडी दरवाजा बंदच, आणि त्याची किल्ली कंपनीकडे.

तपासायचं असं. फोन घरच्या वायफायला जोडा आणि मोबाइल डेटा बंद करा. ब्राउझरमध्ये राउटरचं पान उघडा. पत्ता बहुतेकदा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, राउटरच्या खालच्या स्टिकरवर लिहिलेला असतो (टाइप करताना अर्थातच इंग्रजी आकडे). लॉगिन करून स्टेटस किंवा वॅन नावाच्या भागात आयपी ॲड्रेस बघा. आता दुसऱ्या टॅबमध्ये गूगलवर "व्हॉट इज माय आयपी" शोधा. लांबलचक, अक्षरं आणि अपूर्णविरामाच्या टिंबांनी भरलेला पत्ता दिसला तर तो आयपीव्ही६ आहे, आपल्याला चार आकड्यांचा आयपीव्ही४ हवा. तो दाखवणारी एखादी साइट उघडा.

दोन्हीकडे एकच आकडा दिसला तर तुमच्याकडे खरा पब्लिक आयपी आहे. राउटरमध्ये १००.६४ ते १००.१२७ मधलं काही दिसलं तर सीजीनॅट. राउटरमध्ये १० ने सुरू होणारा पत्ता असेल तरी बहुतेक तेच. आणि १९२.१६८ दिसलं, तर शक्यता अशी की केबलवाल्याने बसवलेला फायबरचा डबाच एक राउटर आहे आणि त्याच्यामागे तुम्ही स्वतःचा दुसरा राउटर लावलाय. यात दोष तुमच्याच घरात आहे. फायबरच्या डब्याला ब्रिज मोडवर टाकायला सांगा, नाहीतर तुमचा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका, आणि पुन्हा तपासा.

आमच्याकडे १००.६४ ते १००.१२७ मधलंच काहीतरी निघालं. ज्याने कनेक्शन दिलं होतं त्याला फोन केला, तर तो शांतपणे म्हणाला, "सगळ्यांना तसंच आहे की, आजपर्यंत कुणी विचारलं नाही." त्याचंही बरोबर आहे. रील्स बघायला, यूपीआय करायला पब्लिक आयपी लागत नाही.

सीजीनॅट असेल तर पैसे देऊन स्टॅटिक आयपी घेता येतो. बऱ्याच कंपन्या देतात, काही फक्त बिझनेस प्लॅनवर. मोबाइल सिमच्या इंटरनेटवर मात्र ही आशाच ठेवू नका. पण स्टॅटिक आयपीवर खर्च करायच्या आधी पुढचं वाचा. कारण पब्लिक आयपी असतानाही मी आता दार उघडं ठेवत नाही.

उघड्या पोर्टवर कोण कोण येऊन जातं

२०२१ मध्ये आमच्याकडे जुनं कनेक्शन होतं आणि त्याला पब्लिक आयपी होता. मी मोठ्या उत्साहाने विंडोजचं रिमोट डेस्कटॉप चालू केलं, राउटरमध्ये त्याचं ठरलेलं ३३८९ नंबरचं पोर्ट उघडलं, पत्ता बदलत राहतो म्हणून फुकटातलं डायनॅमिक डीएनएस लावलं. साताऱ्यातून पहिल्याच फटक्यात सांगलीचा डेस्कटॉप दिसला. भारी वाटलं.

दुसऱ्या दिवशी सहज म्हणून इव्हेंट व्ह्यूअर उघडला. विंडोजमध्ये कुणी चुकीचा पासवर्ड टाकला की ४६२५ नंबरची नोंद होते. एका रात्रीत अशा शेकडो नोंदी. ॲडमिनिस्ट्रेटर, ॲडमिन, टेस्ट, युजर अशी नावं एकामागून एक. कुणी माणूस माझ्यामागे लागला नव्हता. इंटरनेटवरचे सगळे आयपीव्ही४ पत्ते सतत तपासत फिरणारे प्रोग्रॅम असतात, त्यांना ३३८९ उघडं दिसलं की ते पासवर्ड मारत बसतात. सांगलीच्या अडत दुकानाचा हिशोब आहे की अमेरिकेतलं हॉस्पिटल, त्यांना फरक पडत नाही. आत शिरले की फायली लॉक करायच्या आणि पैसे मागायचे.

मी काय केलं? पोर्ट नंबर बदलला. दोन-तीन दिवस शांतता, मग पुन्हा सुरू. तेव्हाच बंद करायला हवं होतं, पण सोय इतकी चांगली होती की मी तसंच चालवत राहिलो. काही झालं नाही ते नशीब म्हणायचं, कारण पासवर्ड मजबूत असला तरी पुरत नाही. मे २०१९ मध्ये रिमोट डेस्कटॉपमध्ये ब्लूकीप नावाची एक त्रुटी सापडली होती. तिच्यात पासवर्ड माहीत नसतानाही जुन्या विंडोजमध्ये घुसता येत होतं. मायक्रोसॉफ्टला त्या वेळी सपोर्ट कधीच संपलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा पॅच काढावा लागला. आणि आपल्याकडे दुकानांतून विंडोज ७ अजूनही सुखाने नांदतंय.

हेच डीव्हीआर आणि सीसीटीव्हीचं. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले, ते कंपनीचा मूळ पासवर्ड कुणी बदललाच नव्हता म्हणून. कॅमेरे बसवणारा माणूस "मोबाइलवर दिसायला पोर्ट ओपन करावं लागेल" म्हणाला तर त्याला थांबवा. हल्लीच्या बहुतेक कॅमेऱ्यांना त्याची गरज नसते.

ती का नसते, यातच आपलं उत्तर आहे. कॅमेरा स्वतः आतून बाहेर कंपनीच्या सर्व्हरला जोडून बसतो. तुमचा फोनही बाहेरून त्याच सर्व्हरला जातो. दोघंही "आतून बाहेर" गेलेत, त्यामुळे दोन्ही राउटरच्या वहीत नोंद आहे. सर्व्हर फक्त दोघांची गाठ घालून देतो. सीजीनॅट एक असो की चार, या रस्त्याला फरक पडत नाही.

फक्त अधूनमधून मदत करायची असेल तर

याच तत्त्वावर चालणारी तयार ॲप्स भरपूर आहेत. क्रोम रिमोट डेस्कटॉप फुकट आहे. घरच्या कॉम्प्युटरवर क्रोम उघडून इन्स्टॉल करायचं, किमान सहा आकडी पिन ठेवायचा, आणि मोबाइलवर त्याच गूगल अकाउंटने ॲप उघडायचं. दहा मिनिटांचं काम. विंडोज १० आणि ११ मध्ये क्विक असिस्ट आहे: कंट्रोल, विंडोज आणि क्यू ही बटणं एकत्र दाबायची, मदत करणाऱ्याला एक कोड मिळतो, तो समोरच्याने टाकायचा. कोड थोड्या वेळात बाद होतो, त्यामुळे हे त्यातल्या त्यात निर्धोक. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मी अण्णांसाठी एनीडेस्क वापरलं, तेही चांगलं चाललं.

पण एनीडेस्कचं नाव घेतलं की दुसरी गोष्ट सांगावीच लागते. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना याच ॲपच्या नावाने सावध केलं होतं. ॲपमध्ये खोट नव्हती. बँकेतून बोलतोय असं सांगून लोकांना ते टाकायला लावायचं, नऊ आकडी कोड विचारायचा आणि समोर दिसणाऱ्या मोबाइलवरून पैसे काढायचे, असा तो धंदा होता. अजून चालू आहे. म्हणून घरी एक नियम ठेवलाय: कोड फक्त मी फोन केला तरच, आणि आधी माझा आवाज ओळखायचा. अण्णांनी त्यात स्वतःची भर घातली. ते मला आधी आमच्या दुकानात पूर्वी कामाला असलेल्या माणसाचं नाव विचारतात. काही गडबड झालीच तर १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर आई-वडिलांच्या फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. जितक्या लवकर फोन, तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

मी आता काय वापरतो

समोर कुणी नसताना, कुणालाही "यस" दाबायला न लावता घरी जायचं असेल, फायली आणायच्या असतील, तर खासगी व्हीपीएन जास्त बरं. यूट्यूबच्या जाहिरातीत दिसतं ते परदेशातलं व्हीपीएन नव्हे. इथे व्हीपीएन म्हणजे फक्त तुमच्याच उपकरणांचं एक बंद नेटवर्क. वायरगार्ड नावाची एक छोटी, वेगवान प्रणाली आहे, मार्च २०२० पासून ती लिनक्सच्या गाभ्यातच आहे. पण नुसतं वायरगार्ड लावायला एका टोकाला तरी पब्लिक पत्ता लागतो. म्हणून मी टेलस्केल वापरतो. आत वायरगार्डच, पण दोन उपकरणांची गाठ घालायचं काम त्यांचा सर्व्हर करतो, आणि घरगुती वापराला फुकट आहे.

घरच्या कॉम्प्युटरवर टेलस्केल इन्स्टॉल करून गूगल अकाउंटने लॉगिन करा. फोनवर प्ले स्टोअरमधून तेच ॲप, तेच अकाउंट. झालं. राउटरला हातही लावायचा नाही. प्रत्येक उपकरणाला १०० ने सुरू होणारा कायमचा पत्ता मिळतो. (हो, हा सीजीनॅटसाठी राखलेला तोच पट्टा. त्यामुळे नंतर कॉम्प्युटरवर १००.८० वगैरे दिसलं तर "अरे, सीजीनॅट" म्हणून घाबरू नका, वर सांगितलेली तपासणी राउटरच्या पानावरच करायची.) शक्य असेल तेव्हा दोन्ही उपकरणं थेट एकमेकांशी बोलतात, नसेल तेव्हा मधल्या सर्व्हरमार्फत, थोडं हळू. दोन्ही वेळा डेटा एन्क्रिप्टेड असतो आणि किल्ल्या तुमच्या उपकरणांतच असतात.

आता ज्या गोष्टी मला ठेच लागल्यावर कळल्या त्या सांगतो.

पहिली: टेलस्केलची किल्ली मुळात १८० दिवसांनी संपते आणि पुन्हा लॉगिन मागते. सहा महिने झकास चाललं, मग एक दिवस डेस्कटॉप दिसेना, आणि लॉगिन करायला सांगलीला जावं लागलं. तेव्हा त्यांच्या वेबसाइटवरच्या मशीनच्या यादीत घरच्या कॉम्प्युटरपुरती की एक्स्पायरी बंद करा. फोनची मात्र तशीच राहू द्या, फोन हरवू शकतो. दुसरी: विंडोजमध्ये टेलस्केलच्या प्रेफरन्सेसमध्ये "रन अनअटेंडेड" चालू करा, नाहीतर कॉम्प्युटर रीस्टार्ट झाल्यावर कुणी लॉगिन करेपर्यंत तो जोडलाच जात नाही. तिसरी: आता तुमच्या घराची किल्ली म्हणजे तुमचं गूगल अकाउंट. त्यावर टू स्टेप व्हेरिफिकेशन नसेल तर इथेच थांबा आणि आधी ते लावा.

कॉम्प्युटरचा स्क्रीन बघायला या नेटवर्कमधून विंडोजचं रिमोट डेस्कटॉपच वापरायचं, फक्त पत्त्याच्या जागी टेलस्केलचा पत्ता. फोनवर मायक्रोसॉफ्टचं रिमोट डेस्कटॉप ॲप लागतं, त्याचं नाव आता विंडोज ॲप केलंय. यात दोन खोड्या आहेत. विंडोज होम असेल तर ते दुसऱ्याला आत घेत नाही, प्रो लागतं. होमवाल्यांनी सरळ क्रोम रिमोट डेस्कटॉप वापरावं. आणि कॉम्प्युटर उघडताना आपण जो चार आकडी पिन टाकतो तो इथे चालत नाही, अकाउंटचा खरा पासवर्डच लागतो. पासवर्ड रिकामा ठेवला असेल तर विंडोज बाहेरून आत घेतच नाही. "पासवर्ड बरोबर टाकतोय तरी लॉगिन होत नाही" या तक्रारीचं उत्तर दहापैकी आठ वेळा हेच असतं.

आणखी एक. तुम्ही रिमोट डेस्कटॉपने आत गेलात की घरच्या मॉनिटरवर लॉक स्क्रीन येतो. पहिल्यांदा हे झालं तेव्हा अण्णा पट्टी करत होते, समोर दोन शेतकरी बसलेले, आणि स्क्रीन गेला. त्यांनी पासवर्ड टाकला, मी बाहेर फेकला गेलो. मी पुन्हा आत गेलो, ते बाहेर. पाच मिनिटं असं चाललं आणि मग फोन आला, तो इथे लिहिण्यासारखा नाही. दोघांनी मिळून एकच स्क्रीन बघायचा असेल तेव्हा क्विक असिस्ट किंवा क्रोमवालं. एकट्याने काम करायचं असेल तेव्हाच रिमोट डेस्कटॉप.

वेगाबद्दल: काच-फायबरमध्ये प्रकाशाला सव्वाशे किलोमीटर जायला एक मिलिसेकंदही लागत नाही. पण दोन टोकांना दोन वेगळ्या कंपन्यांचं नेट असेल तर डेटा बहुतेकदा मुंबईसारख्या ठिकाणच्या एक्सचेंजला वळसा घालून येतो. तरी स्क्रीन चालवायला तेवढं पुरतं. अडतं ते घरच्या अपलोड स्पीडला, कारण स्क्रीनचं चित्र घरातून बाहेर येतं. स्पीड टेस्टमध्ये आपण डाउनलोडचा आकडा बघून खूश होतो, तिथला दुसरा आकडा बघा.

लाइट गेली की सगळंच गेलं

सगळं लावून झालं आणि कॉम्प्युटरच बंद असेल तर? यावर व्हिडिओवाले सहसा बोलत नाहीत. आपल्याकडे पावसाळ्यात हाच पहिला प्रश्न.

चोवीस तास चालू ठेवायचं म्हटलं तर साधा डेस्कटॉप रिकामा बसून ६० वॅट खात असेल तर महिन्याला ४३ युनिट होतात. परवडत असेल तर ठेवा. त्याऐवजी बायोसमध्ये "रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस" किंवा तशा नावाचा पर्याय असतो. तो ऑन केला की लाइट गेल्यामुळे बंद पडलेला कॉम्प्युटर लाइट आल्यावर आपोआप सुरू होतो. एवढं प्रत्येकाने करावंच.

दुसरा उपाय वेक ऑन लॅन. बंद कॉम्प्युटरचं नेटवर्क कार्ड अर्धवट जागं असतं आणि त्याच्या मॅक ॲड्रेसचा सोळा वेळा उल्लेख असलेला एक ठरावीक संदेश आला की ते कॉम्प्युटर सुरू करतं. त्यासाठी केबल लागते, वायफायवर भरवसा नाही. बायोसमध्ये ते चालू करावं लागतं आणि विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करावं लागतं. पण हा संदेश घरच्या नेटवर्कमधूनच जावा लागतो, म्हणजे घरात काहीतरी एक छोटं उपकरण कायम जागं हवं. माझ्याकडे रास्पबेरी पाय आहे, चार वॅटच्या आसपास, म्हणजे महिन्याला तीनेक युनिट. तो टेलस्केलवर असतो. मी फोनवरच्या टर्मक्समधून त्याच्यावर जातो, तो डेस्कटॉपला उठवतो. राउटर आणि फायबरचा डबा इन्व्हर्टरवर किंवा छोट्या डीसी यूपीएसवर टाका. डबा बंद तर पाय जागा असून उपयोग नाही.

आणि पुराचं

या सगळ्याच्या मागे लागलो त्याचं खरं कारण २०१९ चा ऑगस्ट. तेव्हा हा कॉम्प्युटर नव्हता, जुना होता, खालच्या खोलीत. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी गेलं ५७ फुटांच्या वर. माणसं बाहेर काढता काढता कॉम्प्युटर कुणाच्या लक्षातही आला नाही. पाणी ओसरल्यावर कॅबिनेटमधून गाळ निघाला. हार्ड डिस्क गेली, तीन वर्षांचा हिशोब गेला. बॅकअप होता, पण तो त्याच टेबलाच्या ड्रॉवरमधल्या पेन ड्राइव्हवर.

जुलै २०२१ ला पुन्हा पाणी चढलं. तोवर कॉम्प्युटर वर गेला होता आणि माझं ते उघडं, धोक्याचं पोर्ट चालू होतं. कोयनेतून विसर्ग वाढवला अशी बातमी आली की सांगलीत पाणी यायला काही तास असतात. लाइट मात्र खबरदारी म्हणून आधीच तोडतात. त्यामुळे हातात वेळ असतो तो पाणी येईपर्यंतचा नव्हे, लाइट जाईपर्यंतचा. त्या संध्याकाळी मी इथून टॅलीचा बॅकअप ओढला आणि तासाभरात डेस्कटॉप ऑफलाइन झाला. कॉम्प्युटरला या वेळी काही झालं नाही, पण दोन दिवस आम्हाला ते माहीत नव्हतं.

आता तेवढी धावपळ नाही. टॅलीचं फोल्डर विंडोजमध्ये शेअर केलंय, फक्त वाचण्यापुरतं आणि वेगळ्या युजरच्या नावाने. दुकान बंद व्हायच्या सुमारास साताऱ्यातला माझा लॅपटॉप टेलस्केलमधून त्याची कॉपी घेतो. जुन्या कॉप्या लगेच पुसत नाही, तीस दिवसांच्या ठेवतो, कारण घरचा डेटा एखाद्या दिवशी बिघडला तर रात्री बिघडलेलीच कॉपी इकडे येईल. महिन्यातून एकदा त्यातली एखादी कॉपी माझ्या टॅलीत उघडून बघतो. दोनदा ती उघडली नव्हती. अण्णांनी टॅली चालू ठेवूनच कॉम्प्युटर सोडला होता. आता दुकानाचं शटर ओढताना आई त्यांना विचारते, "टॅली बंद केली का?"

ऑफिसच्या लॅपटॉपवर यातलं काही टाकायच्या आधी आयटी विभागाला विचारा. बऱ्याच ठिकाणी अशा ॲप्सना मनाई असते आणि ते लगेच दिसतं. कॉलेजच्या वायफायवर टेलस्केल कधी अडवलेलं असतं, तेव्हा फोनचा हॉटस्पॉट वापरा. आणि माझ्यासारखं जुनं पोर्ट कुणी उघडून ठेवलं असेल, तर नवीन रस्ता चालू झाला त्याच दिवशी राउटरमध्ये जाऊन ती नोंद पुसून टाका. यूपीएनपी चालू असेल तर तेही बंद करा, नाहीतर एखादा प्रोग्रॅम तुम्हाला न विचारता ते दार पुन्हा उघडेल.